हिवाळी टायर की बारमाही टायर?

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा, सुमारे ५६ लाख वस्तीचा देश. २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी शेकडा ८८.९ मोटारी केवळ विजेवर चालणाऱ्या होत्या. ज्या देशाच्या बऱ्याच भागात वर्षातील कित्येक महिने रस्त्यावर बर्फ असतो, त्या देशाने विजेची मोटार इतकी आपलीशी केल्यामुळे एका जुन्या प्रश्नाला नवी धार आली आहे. शरद ऋतू सरू लागला की उन्हाळी टायर उतरवून हिवाळी टायर चढवावेत, की बारा महिने चालणारा एकच संच ठेवून वर्षातून दोनदा पडणारी ही दगदग टाळावी? वरकरणी हा प्रश्न घरखर्चाचा दिसतो. वस्तुतः तो रस्ता ओलांडणाऱ्याच्या जीविताचा आहे.

प्रथम रबराचा स्वभाव पाहावा. उन्हाळी टायरचे रबर उष्ण रस्त्यावर झिजू नये म्हणून घट्ट केलेले असते. हवा सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की ते ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरेनासे होते. हिवाळी टायरचे मिश्रण कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहील असे केलेले असते. शिवाय त्याच्या नक्षीत खोल चर आणि असंख्य बारीक चिरा असतात. चरांत हिम दाबून बसते आणि हिमाला हिम चिकटते. चिरांच्या कडा निसरड्या पृष्ठावर ओरखडा धरतात. अशा टायरचा उगम फिनलंडमध्ये झाला. तेथील एका रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली प्रवासी मोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार केले.

बारमाही टायर ही एक तडजोड आहे, आणि तडजोड म्हणून ती त्याज्य नव्हे. त्याचे रबर उन्हाळी टायरहून मऊ आणि हिवाळी टायरहून घट्ट असते. मात्र या नावाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात. एकीवर केवळ चिखल आणि हिम यांची आद्याक्षरे असतात. ती अक्षरे नक्षीच्या घडणीविषयी बोलतात, परीक्षेविषयी नव्हे. दुसरीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. १९९९ साली प्रचारात आलेले हे चिन्ह दाबलेल्या हिमावरील परीक्षेत उतरलेल्या टायरलाच मिळते. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८ साली हिवाळी टायर सक्तीचे केले आणि २०१४ च्या डिसेंबरापासून हे चिन्ह आवश्यक ठरविले. जर्मनीनेही १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती आद्याक्षरे अमान्य केली.

तथापि या चिन्हाचीही मर्यादा आहे. मराठी बोलण्यात हिम आणि गोठलेले पाणी या दोहोंना बर्फ हे एकच नाव चालते. टायरच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे शत्रू होत. चिन्हाची परीक्षा हिमावर होते, काचेसारख्या बर्फावर नाही. आणि शून्य अंशाच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर आलेला बर्फ हा कडक थंडीतील बर्फाहूनही अधिक निसरडा असतो.

आता विजेच्या मोटारीकडे वळावे. तिची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते आणि चाक घसरू लागताच तिची यंत्रणा क्षणार्धात तो जोर आवरते. चारही चाकांना जोर पुरविणारी अशी गाडी हिमावरून विनासायास निघते. येथेच चालकाची फसगत होते. सुखाने निघालेली गाडी सुखाने थांबेलही, असे त्याला वाटू लागते. परंतु यंत्रणा असलेली पकड चार चाकांत वाटू शकते, नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. ती पकड येते तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांतून.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे १४ मीटरांत थांबते. घर्षणाचा गुणांक ०.२ असलेल्या दाबलेल्या हिमावर तिला ४९ मीटर लागतात, गुणांक ०.१ असलेल्या बर्फावर ९८. समजा, हिमावर चांगल्या टायरमुळे गुणांक ०.२५ झाला, तर गाडी ३९ मीटरांत थांबेल. फरक दहा मीटरांचाच. पण जेथे ही गाडी स्थिर उभी राहिली, त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने पुढे जात असेल. त्या दहा मीटरांत शाळेतून परतणारे एखादे मूल असू शकते.

बॅटरीमुळे गाडी जड असते, म्हणून ती रस्ता घट्ट धरते, असाही एक समज आहे. वजन वाढले की पकड वाढते हे खरे. पण थांबवावयाचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढलेले असते, आणि लाभ उरत नाही. उरतो तो धडकेचा वाढलेला जोर. म्हणूनच गाडीचा भार पेलण्याइतक्या क्षमतेचाच टायर निवडणे अगत्याचे असते. दुसरे असे, की ॲक्सिलरेटरवरील पाय उचलताच ही मोटर जनित्र बनून चाकांना रोधते. जोर केवळ मागील चाकांना असेल, तर निसरड्या वळणावर या रोधाने गाडीची मागील बाजू सरकू शकते. यंत्रणा तो सावरते, तरीही अशा रस्त्यावर हा रोध सौम्य ठेवणे श्रेयस्कर.

हिवाळी टायरविरुद्धचा मुख्य आक्षेप असा, की त्याने गाडीचा पल्ला घटतो. तो थोडा घटतो हे मान्य करावे. परंतु २०२० साली नॉर्वेतील मोटारचालकांच्या संघाने २० विद्युत मोटारींची हिवाळ्यात परीक्षा घेतली, तेव्हा जाहीर पल्ल्यात सरासरी शेकडा १८.५ घट आढळली. थंडीतील अशा घटीचा मोठा वाटा गारठलेल्या बॅटरीचा आणि गाडीतील उबेचा असतो. खर्चाचेही तसेच. दोन संच घेतले तरी एक चालत असताना दुसरा झिजत नाही.

मग निर्णय काय? जेथे वर्षातून चार-सहा दिवस हिम पडते आणि त्या दिवशी गाडी घरी ठेवता येते, तेथे हिमकणाच्या चिन्हाचा बारमाही टायर पुरेसा आहे. जेथे बर्फ महिनोन्‌महिने रस्त्यावर राहतो, तेथे हिवाळी टायरला पर्याय नाही. भारतातही हा विचार परका राहिलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलकडे हिवाळ्यातही मोटारी जाऊ लागल्या, आणि त्यांतील कित्येक मैदानी प्रदेशातील उष्ण रस्त्यांसाठी केलेल्या टायरांवर तेथे पोचतात. चाकांना साखळ्या बांधण्याचा तेथील जाणत्या चालकांचा सल्ला अशा वेळी मानावा.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. चारही टायर एकाच जातीचे असावेत. दोनच बदलले तर ब्रेक लावताना वा वळताना गाडीचा तोल बिघडतो. आणि नक्षीची खोली मोजून पाहावी. नॉर्वेच्या कायद्याने उन्हाळ्यात १.६ मिलिमीटर चालते, हिवाळ्यात मात्र किमान ३ मिलिमीटर लागते. गुळगुळीत झालेल्या हिवाळी टायरचे नाव तेवढे हिवाळी राहते. गाडी थांबविण्याचे त्याचे काम संपलेले असते.