आर्वी टर्मिनस
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे. नोकरीवर बोलायचं नाही, मुलांच्या मार्कांवर बोलायचं नाही, ज्याचं वेड आहे त्यावर बोल. मग माझ्याकडे एकच विषय उरतो: आयझॅक असिमॉव्ह यांची 'फाउंडेशन' ही कादंबरीमालिका. मागच्या रांगेतून 'झालं सुरू' असा आवाज आला तो मी ऐकला आहे.

विज्ञानकथेची चव आपल्याला शाळेच्या ग्रंथालयातच लागली. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' आपल्या वर्गात इतकं फिरलं की त्याचं कव्हर शेवटी वर्तमानपत्राचं होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून नव्हे, कथा बघून बक्षीस मिळावं म्हणून. २०२५च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी त्या फाटक्या प्रतीची आठवण काढली. त्यांच्या गोष्टी छोट्या, एका कल्पनेभोवती फिरणाऱ्या. 'फाउंडेशन' त्याच्या अगदी उलट, हजार वर्षांचा पसारा.

मला ती सापडली तीही मधूनच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर दुसरा भाग मिळाला. पहिला भाग मिळायला आणखी वर्ष गेलं. त्यामुळे साम्राज्य आधी मोडताना वाचलं आणि मग त्याची कारणं वाचली. तुम्ही असं करू नका.

गोष्ट अशी. आकाशगंगेत माणसांचं एक साम्राज्य आहे. बारा हजार वर्षं जुनं, अडीच कोटी ग्रहांवर पसरलेलं. ट्रँटॉर ही राजधानी, सगळा ग्रहच एक शहर, लोकसंख्या ४० अब्ज. तिथे हॅरी सेल्डन नावाचा गणिती सिद्ध करतो की हे साम्राज्य पाचशे वर्षांच्या आत कोसळणार. त्यानंतर तीस हजार वर्षं अंधार. पडणं टाळता येत नाही, पण अंधार हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी तो आकाशगंगेच्या कडेला, जिथे धातूसुद्धा धड मिळत नाहीत अशा एका ग्रहावर विद्वानांची वसाहत पाठवतो. सगळ्या ज्ञानाचा कोश तयार करायला. त्या ग्रहाचं नाव टर्मिनस. शेवटचं स्टेशन.

आता आर्वीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुलगावहून निघालेल्या नॅरोगेजचे रूळ जिथे संपतात तिथले आपण. आपली शकुंतला आपल्याला कुठे पुढे नेणारच नव्हती. पुढे रूळच नाहीत.

आणि राजधानीपासून दूर बसून ज्ञानकोश लिहिणं हेही आपल्याला परकं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले रायपूरला, शिकले अमरावतीला, डॉक्टरेट घेतली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात, आणि परत येऊन 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चं काम सुरू केलं ते नागपुरात. पुढे ते पुण्याला हललं आणि २३ खंड पूर्ण झाले. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तर मुंबई-पुणे सोडून कृष्णाकाठच्या वाईला, कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे होते. पहिला खंड निघाला १९७६ साली. मी टर्मिनसची प्रकरणं वाचताना डोळ्यांसमोर वाईचा घाटच आणते. फरक इतकाच की सेल्डनचा कोश हा बहाणा निघतो. त्याला कोश नको असतो, त्या निमित्ताने शहाणी माणसं एका जागी हवी असतात. केतकरांना आणि तर्कतीर्थांना कोश खरोखर हवा होता. मला तेच जास्त भारी वाटतं.

ही मालिका मासिकातल्या कथांपासून सुरू झाली. पहिली कथा 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या मे १९४२च्या अंकात आली. लेखक तेव्हा बावीस वर्षांचा, कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्राचा विद्यार्थी, डोक्यात गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास. तारीख बघून मी एकदा थबकलेच. त्याच वर्षी १४ जुलैला आपल्या वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी जावं असा ठराव केला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. १६ ऑगस्टला आपल्या शेजारच्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, माणसं गोळ्यांना बळी पडली, आणि गावाच्या नावापुढे कायमचं 'शहीद' लागलं. तिकडे एक पोरगा कागदावर साम्राज्य पाडत होता, तेव्हा इकडे हे चाललं होतं. त्याला आष्टी माहीत असण्याचं कारण नाही, आणि आष्टीला तो.

या मालिकेचा आत्मा म्हणजे सायकोहिस्टरी हे काल्पनिक शास्त्र. कल्पना आपल्या विज्ञानाच्या तासातली आहे. डब्यातल्या वायूचा एक रेणू पुढच्या क्षणी कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण असंख्य रेणूंचा मिळून दाब किती होईल हे नेमकं सांगता येतं. सेल्डन म्हणतो, माणसांचंही तसंच. अटी दोन: माणसं प्रचंड संख्येने हवीत, आणि भाकीत त्यांना कळता कामा नये.

नोकरीवर बोलायचं नाही असं ठरलंय, तरी एक वाक्य बोलते. मी जे सॉफ्टवेअर लिहिते ते मागणीचा अंदाज बांधतं. दिवाळीच्या आठवड्यात एका शहरातून किती ऑर्डर येतील हे आम्ही बऱ्यापैकी जवळ सांगतो. कोण मागवणार, ते नाही. म्हणजे पहिल्या अटीवर माझं घर चालतं.

दुसरी अट मला आर्वीच्या बाजारात समजली. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. भाव दिसला म्हणून २०१६च्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ साली खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा. हमीभाव ५,०५० रुपये क्विंटल, बाजारात त्याच्याही खाली. भाकीत सगळ्यांना कळलं की भाकीतच मोडतं. असिमॉव्हने पाऊणशे वर्षांपूर्वी ही अट का घातली ते मला त्या रांगा बघून पटलं.

आता जे सांगणार आहे ते ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून सांगते आहे. तो इथेच बसला आहे, नाव घेत नाही. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज आलं, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. का आलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या काळच्या आकड्यांमधला एक आकडा म्हणजे आपल्या या मित्राचे वडील. गेल्या वर्षी मी त्याला मालिकेचे पहिले दोन भाग दिले. इंग्रजी वाचायची सवय मोडलेली, मोबाइलवर शब्द शोधत दोन महिन्यांत त्याने पहिला भाग संपवला आणि फोन केला. मला वाटलं, आवडलं म्हणून सांगेल. तो म्हणाला, "तुह्या त्या सेल्डनच्या हिशोबात माहा बाप कुठं बसते?"

पंचवीस वर्षं मी हे पुस्तक लोकांना वाचायला लावते आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी त्याला म्हटलं, दुसरा भाग वाच. तिथे असिमॉव्हने स्वतःच सेल्डनचं गणित मोडलं आहे. १९४५ साली त्याने 'म्यूल' आणला. म्यूल म्हणजे खेचर. एकटाच, दुसऱ्यांच्या भावना हव्या तशा वळवू शकणारा माणूस, जो कुठल्याही समीकरणात नव्हता. तो येतो आणि तीनशे वर्षं नीट चाललेली योजना कोलमडते. मित्राचं उत्तर तयार होतं: "तो तं राजा झाला. साध्या माणसाचं काय ते सांग."

म्हणून इथे थोडी कथा फोडते, ज्यांना वाचायची आहे त्यांनी कानावर हात ठेवा. म्यूलला अडवते ती बेटा नावाची एक साधी बाई. ना सैन्य, ना सत्ता, नवऱ्याबरोबर प्रवासाला निघालेली. म्यूल विदूषकाचं सोंग घेऊन त्यांच्याबरोबर फिरत असतो. सगळे त्याला हसतात, ही त्याच्याशी मायेने वागते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आपण आपसूक आवडलो म्हणून तो तिच्या मनाला हात लावत नाही. त्यामुळे सगळ्यांत एकटीचं डोकं स्वच्छ राहतं आणि ऐन क्षणी तीच त्याला ओळखते. मग ती जे करते ते सोपं नाही आणि सुंदरही नाही. ते पुस्तकातच वाचा.

पहिल्या भागात बायका जवळजवळ नाहीतच, याचा मला कॉलेजात फार राग यायचा. बेटा आल्यावर तो अर्धा गेला, आणि तिसऱ्या भागात तिचीच नात, चौदा वर्षांची आर्केडी, घरातून निसटून आकाशगंगेत फिरते तेव्हा उरलेला. २०२१ला आलेल्या टीव्ही मालिकेत तर त्यांनी काही पुरुष पात्रंच बायका केली. ती मालिका मला जमली नाही, पण त्याचं कारण हे नव्हे.

मित्राचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, बेटा बरी आहे, पण तिच्याजवळ वेळेवर कुणीतरी होतं. यावर मी काही बोलले नाही. तेव्हापासून तिथपर्यंत आले की मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवते.

शाळेच्या ग्रंथालयासाठी सातही भाग आणले आहेत. मूळ तीन १९५१ ते ५३मधले, मग तब्बल २९ वर्षांनी वाचकांच्या आणि प्रकाशकांच्या आग्रहाखातर लिहिलेला चौथा, आणि नंतरचे तीन. मुलांना सुरुवातीच्या काळाचे भाग आधी देऊ नका, छापले त्या क्रमाने द्या. शेवटचे दोन नाही वाचले तरी चालतील. सर, एक विनंती: कुलूपबंद कपाटात ठेवू नका. कव्हर फाटलं तर मी नवीन पाठवीन.

आज ढिगाऱ्यात सहाच पुस्तकं दिसतील. दुसरा भाग, सीताबर्डीवाला, अजून त्या मित्राकडेच आहे. तो म्हणतो, आता त्याची मुलगी वाचते आहे.