व्हिडिओ सगळ्यात शेवटी
(पाचाड येथे प्राथमिक शिक्षक आणि स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षक नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला सगळ्या गोष्टी ॲपनेच सुटतील असं वाटायचं. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी ऑनलाइन वर्ग सुरू केला तेव्हा पहिल्याच दिवशी मी पावसावरचा एक सुंदर व्हिडिओ टाकला. खाली प्रश्न पाच. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली आणि सगळी सारखीच आली. मुलांना विचार करायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

मग उलट केलं. एकच प्रश्न टाकला: काल रात्री तुमच्या अंगणात किती पाऊस पडला? घरात असेल ते भांडं उघड्यावर ठेवा आणि पाण्याची उंची पट्टीने मोजा. पण त्याआधी अंदाज लिहा. गूगल क्लासरूममध्ये इथे एक सोय कामी येते. ‘प्रश्न’ टाकताना मुलांना एकमेकांशी बोलायची मुभा ठेवली, तर आपलं उत्तर पाठवल्यावरच दुसऱ्याचं दिसतं. म्हणजे अंदाज स्वतःचाच राहतो.

दुसऱ्या दिवशी आकडे आले आणि मी घाबरलो. एकाच वाडीत स्टीलचा डबा 45 मिलिमीटर सांगतोय, बादली 80 च्या वर, आणि कळशीत जेमतेम 15. माझ्या धंद्यात असे आकडे चुकीचे म्हणून काढून टाकतात. बोट डिलीटवर गेलंही होतं. तेवढ्यात बादलीवाल्या मुलाचा व्हॉइस मेसेज आला: “सर, मी दोनदा मोजलंय.”

पुढचे तीन दिवस वर्गात भांडण. “तुझ्याकडे जास्त पडला.” “मधे फक्त कुंपण आहे, पाऊस काय कुंपण बघून पडतो?” शेवटी एका मुलीने तीन भांडी शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला. तिचं म्हणणं असं: बादली तोंडाशी रुंद, तळाशी अरुंद, म्हणून पाणी चढतं. कळशीचं तोंड लहान, पोट मोठं, म्हणून पाणी पसरतं. डबा सरळ आहे, तो खरं बोलतो. मग डबा रुंद असो की अरुंद, उंची तीच येते, हे त्यांनी दोन डब्यांवर करून पाहिलं. ते आकडे मी पुसले असते, तर हा धडा झालाच नसता.

1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. खेड्यातल्या सरकारी शाळांत मुलं स्वतः प्रयोग करून, वर्गात वाद घालून शिकत. तिथे इंटरनेट नव्हतं. आपल्याकडे आहे, तर त्याचा एक फायदा घ्या: पाचाड, पोलादपूर आणि महाड शहरातली मुलं एकाच तक्त्यात आकडे भरू शकतात. उर्दू शाळेतलीही आणि मराठी शाळेतलीही. मिलिमीटर दोघांचा एकच.

वेळ मात्र सांभाळा. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आपणही तीच वेळ धरली. मकतबहून येऊन शाळेत जाण्याआधी पट्टी लावायची. आणि थेट वर्गाचा हट्ट नको. घरात फोन एक, तो अब्बांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी आधी भावाच्या हातात पडतो. दोन मुलींची उत्तरं रात्री दहानंतरच यायची. त्यातली एक म्हणजे तीच, तीन भांडीवाली. थेट तास घेतला असता तर हजेरीत ती रोज गैरहजर.

हा नुसता शाळेचा खेळ नाही. 22 जुलै 2021 ला आपल्या तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली, त्याच पावसात महाड शहर बुडालं. रात्रीत किती पडला, हे या भागातल्या मुलाला स्वतः मोजता यायला हवं. दरड कधी येईल ते डबा सांगणार नाही, हेही त्याला स्पष्ट सांगा.

डब्याऐवजी कापलेली बाटली वापरणार असाल तर तळ खडबडीत असतो. खडे घाला, सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरा, तिथे शून्याची खूण करा.

पुढचा प्रश्न मुलांनीच दिलाय: वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरी का आटतात? बेसाल्ट खडकावरचा एक चांगला व्हिडिओ माझ्याकडे आहे. सध्या पाठवलेला नाही. आधी प्रत्येकाने आपल्या जवळच्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचंय, मोठं माणूस सोबत घेऊन. उद्या दोऱ्या कोण आणणार, ते आत्ता ठरवू.