सुई टोचली तर...



डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी घंटागाडी थांबते. सुक्या कचऱ्याची पिशवी उचलताना सफाई करणाऱ्या ताईंच्या बोटात सुई रुतते. रक्ताचा टिपूस येतो. अजून चार इमारती उरलेल्या असतात, म्हणून ताई पदराला बोट पुसतात आणि कामाला लागतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात येतं, सुई कुणाची होती?

ताई, एवढं थांबू नका हो. बोट लगेच साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका. मुकादमाला सांगा आणि थेट दवाखाना गाठा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, जे जवळ असेल ते. एचआयव्ही टाळणारं औषध, डॉक्टर त्याला ‘पेप’ म्हणतात, शक्यतो 2 तासांत सुरू व्हावं. 72 तास उलटले की ते देत नाहीत. एकदा सुरू केलं की 28 दिवस रोज घ्यायचं.

ते लागेलच असं मात्र नाही. सुई पोकळ होती का, ताजं रक्त दिसलं का, किती खोल गेली, हे डॉक्टर विचारतात. बाधित रुग्णाच्या रक्तानं माखलेली सुई दवाखान्यात टोचली आणि औषध घेतलं नाही, तरी लागण हजारात साधारण 3 जणांना होते. घरच्या कचऱ्यातली सुई बहुतेकदा इन्सुलिनची, बारीक, रक्त वाळलेली. तिचा धोका याहून खूप कमी. मला तिथं हिपॅटायटिस बीची काळजी जास्त वाटते. त्याची लस आहे, आणि ती सफाई कामगारांना आधीच मिळायला हवी. आणि लोकलच्या गर्दीत कुणाचा नुसता घाम लागला, तर पेपचा प्रश्नच येत नाही.

निरोध फाटला किंवा कुणावर बळजबरी झाली, तरी मुदत तीच. तिथं माणसं लाजेनं, भीतीनं गप्प राहतात आणि तीन दिवस हातचे जातात. कृपा करून गप्प राहू नका. डॉक्टरांना शंका वाटली तर पहिली गोळी लगेच देतात. पुढे तपासणीत गरज नाही असं दिसलं तर थांबवतात. 1097 या क्रमांकावर मोफत विचारता येतं.

कामातच असा मोठा धोका असेल, तर हातमोज्यांसारखी साधनं, प्रशिक्षण आणि पेप पुरवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. 2017 चा एचआयव्ही कायदा तसं सांगतो. 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. हे मुकादमाला पाठ असायला हवं.

आणि तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ असं लिहा आणि बाटली ताईंच्या हातात सांगून द्या.