ग्वांगझौमध्ये काय प्यावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्यापैकी काही व्यापारी मंडळी चीनमधील ग्वांगझौ शहरी, म्हणजे जुन्या कँटनला, जात असतात. १९५७ पासून तेथे वसंतात आणि शरदात मोठा व्यापारमेळा भरतो. निघण्यापूर्वी ही मंडळी खाण्याची चौकशी पुष्कळ करतात; पिण्याची क्वचितच. वास्तविक चार दिवस दशम्या-चिवड्यावर निभावता येतात, पिणे मात्र टळत नाही. शिवाय यजमानाने पुढे केलेला पेला पाहुणा कसा घेतो, यावरून त्याची पारख होते. म्हणून आज एवढाच विषय घेतो.

आरंभ पाण्यापासून. नळाचे पाणी तेथील रहिवासीही उकळल्यावाचून पीत नाहीत. उकळलेल्या पाण्याला चिनी भाषेत ‘खाइश्वेइ’ म्हणतात. हॉटेलच्या खोलीत किटली असते. रेल्वेस्थानकांवर व आगगाड्यांत उकळत्या पाण्याचे नळ असतात. उपाहारगृहात भर उन्हाळ्यातही पाणी बहुधा गरमच येते. पहिल्या खेपेस मी ते निवण्याची वाट पाहत बसलो. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे पाहून स्मित केले आणि आपला पेला फुंकर घालीत, घोट-घोट रिकामा करून दाखविला. त्या दिवसापासून मी थंड पाणी मागणे सोडले.

परंतु ग्वांगझौचे खरे पेय म्हणजे चहा. ‘याम छा’ या तेथील शब्दांचा अर्थ ‘चहा पिणे’. पण त्यात सकाळची न्याहारी, आप्तांची भेट आणि दोन-दोन तास चालणाऱ्या गप्पा हे सारे येते. ‘एक पेला, दोन पदार्थ’ असा तिकडे वाक्प्रचारच आहे. बसताच विचारणा होते, चहा कोणता? काळसर पु-अर, सुगंधी ऊलोंग, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वा शेवंतीचा. दूध-साखर मागू नये. पहिले ओतलेले पाणी पुष्कळदा पेले-वाट्या विसळण्यासाठी असते. ते पिऊन हसे करून घेऊ नये. चहादाणी रिती झाली की झाकण तिरपे ठेवावे, वाढपी समजतो. कोणी आपला पेला भरला, तर दोन बोटे वाकवून मेजावर हलकेच टकटक करावी, तोच धन्यवाद. दंतकथा अशी, की वेषांतर करून फिरणाऱ्या छ्येनलुंग बादशहाने सेवकाला चहा ओतून दिला. सेवकाला दंडवत घालता येईना, म्हणून त्याने बोटांनीच नमस्कार केला.

तेथील दमट उष्म्यावर ‘ल्योंग छा’ नावाचा वनस्पतींचा काढा कोपऱ्याकोपऱ्यावरील दुकानांत मिळतो. नावाचा अर्थ ‘थंड चहा’, चव मात्र आपल्या काडेचिराइताची आठवण करून देणारी. नेमाने औषधे घेणाऱ्यांनी व गर्भवतींनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

खरी कसोटी मेजवानीच्या वेळी लागते. ‘बायज्यौ’ ही बहुधा ज्वारीपासून गाळलेली मद्ये पुष्कळदा निम्म्याहून अधिक मद्यार्काची असतात. ‘गानबेइ’ म्हटले, की पेला रिता करावयाचा! न घेणाऱ्याने तोंड वाकडे करू नये, की नीतीवर प्रवचनही देऊ नये. मद्याऐवजी चहा उंचावण्याची रीत चिनी शिष्टाचारात मान्य आहे. आरंभीच नम्रपणे सांगावे, दोन्ही हातांनी चहाचा पेला उचलावा आणि आपल्या पेल्याची कड यजमानाच्या पेल्याहून किंचित खाली धरावी. व्रतही राहते, मानही राहतो.

या शहरी चहा पिताना एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. इंग्रजांना चहा हवा होता. त्याची किंमत भागविण्यासाठी बंगालची आणि माळव्याची अफू चीनमध्ये उतरू लागली. माळव्याची बरीच अफू मुंबई बंदरातून जाई. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत कापसाबरोबर या व्यापाराचाही वाटा होता, आणि त्याच संपत्तीतून मुंबईत रुग्णालय उभे राहिले. १८३९ मध्ये लिन झशू या अधिकाऱ्याने ग्वांगझौजवळ हूमेन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट करविली; पाठोपाठ युद्ध पेटले. ज्या किनाऱ्यावर आपल्या बंदरातून विष उतरले, तेथे आज आपल्यासमोर चहा ठेवला जातो. तो घेताना थोडे नम्र असावे.

‘चहा’ हा आपला शब्दही मूळचा तिकडचाच. परमुलखात आपण सर्वांनी घरे मांडली ती शेजाऱ्याच्या दारी चहा घेऊन आणि त्याला आपल्या घरी चहाला बोलावून. ग्वांगझौला याहून वेगळी विद्या लागत नाही. पाणी उकळलेले प्यावे, चहा बिनसाखरेचा प्यावा, आणि दोन बोटांनी टकटक करण्यास विसरू नये.