मातीविना मूर्ती

श्रोतेहो, पोळ्याला पोरे मातीचे बैल करतात ते आठवा. आधी गोळा, मग वशिंड, शिंगे; शेवटी ओल्या बोटाने गुळगुळीत करायचे. संगणकावरील खेळांतली माणसे नि जनावरे अशीच घडतात; माती तेवढी नसते!

1975 साली अमेरिकेत युटा विद्यापीठातील मार्टिन न्यूएल यांनी घरची चहादाणी आकड्यांत मांडून संगणकात उतरवली. ती आजही नमुना म्हणून वापरतात.

खेळात चित्र सेकंदाला 30 ते 60 वेळा नव्याने काढावे लागते. जड मूर्ती चालत नाही. म्हणून कारागीर आधी लाखो त्रिकोणांची बारीक मूर्ती घडवतो. मग थोड्या त्रिकोणांची हलकी मूर्ती करतो आणि उजेड कोठे कसा पडावा, हे सांगणारा नकाशा तिच्यावर चढवतो. सुरकुती दिसते, पण असत नाही.

यासाठीचे ‘ब्लेंडर’ हे साधन 2002 पासून सर्वांना खुले आहे. दाम पडत नाही.

गुरुजी, वहीत चित्रे काढणाऱ्या एका मुलाची वही मी एकदा फाडली होती. तुम्ही तसे करू नका. त्याच्या हाती मातीचा गोळा द्या. हात नि डोळा तयार झाला, की यंत्र मागाहून शिकता येते.