नांदेडचा तांदूळ, बिलुंडची वीट

(डेन्मार्कमधल्या मंडळाच्या सभेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना श्रोत्यांचे प्रश्न जिथे आले तिथेच ठेवले आहेत.)



तुमच्या चिटणीसबाईंनी फोनवर विषय दिला तो असा : कंपन्या बाहेरच्या लोकांना आणि गिऱ्हाइकांना बरोबर घेऊन नवं कसं घडवतात. पुढे म्हणाल्या, "आमच्यातल्या सात-आठ जणांनी इथे स्वतःचं काहीतरी सुरू केलंय, त्यांच्या कामी येईल असं बोला." तुमच्यापैकी दोन-तीन घरांशी माझी जुनी ओळख आहे, बाकीच्यांचे चेहरे आजच पाहतोय. पण ते सात-आठ जण माझ्या मनात आहेत, म्हणून व्याख्या सांगण्यात वेळ घालवत नाही. या विषयावरचं चेसब्रो यांचं २००३ सालचं पुस्तक तुमच्यातल्या अनेकांनी ऑफिसात कधीतरी चाळलं असेल. आणि लेगो काय चीज आहे हे डेन्मार्कमध्ये राहणाऱ्यांना मी काय सांगणार!

काल इथल्याच एका कुटुंबाने मला गाडीतून बिलुंडला नेलं. लेगो हाऊसमध्ये वर एक दालन आहे. तिथे मांडलेली कामं कंपनीच्या पगारी कारागिरांची नाहीत. ती देशोदेशीच्या हौशी माणसांनी आपापल्या घरी बसून केलेली आहेत. मुलं कंटाळून खाली पळाली, मी मात्र तिथून हललो नाही. बिलुंडमध्ये उभा राहून मला चंद्रपूर जिल्ह्यातलं एक भाताचं शेत आठवत होतं. तिकडे येतोच.

आधी लेगोचं. १९९८ साली त्यांनी माइंडस्टॉर्म्स आणलं, म्हणजे विटेच्या पोटात छोटा संगणक. काही आठवड्यांतच स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने ते पोट उघडलं, आतली सगळी कार्यपद्धती उलगडली आणि जगासमोर मांडून ठेवली. कंपनीत खल झाला. वकिलांकडे जायचं का? शेवटी त्यांनी उलट केलं. परवान्याच्या मजकुरातच लिहून टाकलं की आमचा प्रोग्राम तुम्ही उघडून बदलू शकता. पुढची आवृत्ती २००६ साली आली. तिची आखणी करताना त्यांनी अशाच खटपट्या लोकांतले चौघे निवडून सुरुवातीपासून चर्चेत बसवले. ते चौघे बिलुंडला आले ते स्वतःच्या खर्चाने, आणि त्यांना मोबदला मिळाला तो विटांच्या खोक्यांच्या रूपात. हे मला पटत नाही, ते इथेच सांगून टाकतो. हौशी माणूस आनंदाने फुकट काम करतो म्हणून त्याला फुकट राबवावं असं होत नाही.

पण ही कंपनी शिकली. आज लेगो आयडियाज नावाची त्यांची योजना आहे. तिची सुरुवात २००८ साली जपानमध्ये वेगळ्या नावाने झाली होती. कोणीही आपली कल्पना मांडावी, दहा हजार लोकांनी पसंती दिली की कंपनी ती तपासते. निवड झाली तर विक्रीचा एक टक्का त्या माणसाला मिळतो, आणि खोक्यातल्या पुस्तिकेत त्याची ओळख छापली जाते. स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या एका भूरसायनशास्त्रज्ञ बाईंनी स्त्री-शास्त्रज्ञांचा संच सुचवला होता. २०१४ साली तो निघाला आणि बघता बघता संपला. प्रयोगशाळेत काम करणारी बाई खेळण्यात दिसावी ही गरज तिला जाणवली, कारण ती स्वतः प्रयोगशाळेत होती. एक टक्का थोडा की फार, यावर वाद घाला. पण तो आधी ठरलेला आहे आणि कागदावर आहे.

आता चंद्रपूर. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. गोदाकाठचं शहर ते वेगळं. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी होते. जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' या भाताच्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा पिवळसर. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी वर्षं गेली. तांदूळ बारीक, शिजायला आणि खायला चांगला, उताराही चांगला. मग शेजारच्यांनी बी नेलं, त्यांच्याकडून पुढच्या गावांनी नेलं, आणि माल बाजारात आला तेव्हा व्यापाऱ्याने त्याला नाव दिलं...

(मागच्या रांगेतून एक ताई : "एचएमटी! अहो, मी नागपूरची. आमच्या घरी रोज हाच भात. मला आजपर्यंत वाटायचं, एचएमटी कंपनीचाच काहीतरी संबंध असणार.")

ताई, तुम्ही बोललात ते फार बरं झालं. कंपनीचा संबंध एवढाच, की तेव्हा एचएमटीचं मनगटी घड्याळ जोरात होतं, म्हणून ते नाव. तुम्ही लहानपणापासून हा भात जेवलात, पोत्यावरचं घड्याळाचं नाव तुम्हाला पाठ झालं, आणि ज्याने तो शोधला तो माणूस तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. दोष तुमचा नाही. तो पोचेल अशी सोयच कुणी केली नाही.

पुढची गोष्ट ऐका. १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रातले लोक दादाजींकडून बियाणं घेऊन गेले. १९९८ साली कृषी विद्यापीठाचं वाण बाहेर पडलं, 'पीकेव्ही एचएमटी'. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही ते शुद्ध केलं. शुद्धीकरण हे खरं काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण ज्याने पहिल्या तीन लोंब्या पाहिल्या त्याचं नाव त्या नावात कुठे आहे? २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती कलामांच्या हस्ते मिळाला, सत्कार झाले. त्यांनी आणखीही वाणं काढली, एकाला स्वतःची आद्याक्षरं दिली, 'डीआरके'. आपलं नाव आपणच बियाण्यावर लिहून ठेवायची पाळी त्यांच्यावर आली. जून २०१८ मध्ये ते गेले, शेवटपर्यंत हलाखीत.

१९९८ हे साल दोन्हीकडे आहे, बघा. त्याच वर्षी इकडे एका विद्यार्थ्याने न विचारता कंपनीचा माल उघडला आणि कंपनीने त्याला वाट करून दिली. तिकडे संस्थेने शेतकऱ्याचं बी नेलं आणि वाण आपल्या नावावर आणलं. काल त्या दालनात मला हेच छळत होतं. आता तुम्ही म्हणाल, तुलना बरोबरीची नाही. वीट पेरली तर उगवत नाही. बियाणं उगवतं, हातोहात पसरतं, त्यावर टक्का कोण मोजणार? मान्य. वाटा देणं अवघड होतं. नाव देणं अवघड नव्हतं.

मी एवढं तळमळून का बोलतो, तेही सांगतो. तीस वर्षं मी पुण्याजवळच्या एका फवारणी यंत्रांच्या कारखान्यात होतो. तासगाव भागातला एक द्राक्ष बागायतदार आमचा ब्लोअर वापरायचा. पानांचा पसारा दाट, औषध आतल्या घडापर्यंत पोचायचं नाही. त्याने गावातल्या वेल्डरकडून नोझल बसवायची पट्टी बदलून घेतली, एकाआड एक नोझल वेगळ्या कोनात वळवलं. हवेच्या झोताने पानं उलटायची आणि औषध आत जायचं. पुढे पंपाचं सील गेलं म्हणून त्याने यंत्र दुरुस्तीला पाठवलं. आम्ही त्याच्या कागदावर शिक्का मारला : ग्राहकाने फेरफार केल्याने वॉरंटी रद्द. सही माझी होती. पुढच्या दोन हंगामांनंतर आमच्या नव्या यंत्रावर जवळपास तशीच पट्टी आली.

(प्रश्न : "पण सगळ्याच गिऱ्हाइकांचं ऐकायला गेलो तर धंदा व्हायचा नाही. आमच्या ॲपवर रोज शंभर सूचना येतात.")

सूचना आणि दुरुस्ती यांत फरक करा. सूचना करायला काही लागत नाही. ज्याने पदरचे पैसे आणि रविवार घालवून तुमचा माल स्वतः बदलला, त्याच्या घरी जा. एमआयटीच्या एरिक फॉन हिपेल यांनी १९७६ सालीच दाखवलं होतं, की त्यांनी अभ्यासलेल्या वैज्ञानिक उपकरणांतल्या महत्त्वाच्या सुधारणांपैकी सुमारे ऐंशी टक्के वापरणाऱ्यांनी केल्या होत्या, बनवणाऱ्यांनी नव्हे. तुमच्या शंभरांत असे दोनच असतील. तुमचं ॲप सोडून जो एक्सेलमध्ये स्वतःचा तक्ता करून काम भागवतो, तो त्या दोघांतला एक.

(प्रश्न : "आम्ही लहान आहोत. मोठ्या कंपनीकडे कल्पना घेऊन गेलो आणि त्यांनीच ती उचलली तर?")

ही भीती खरी आहे. मोठ्यांनाही लहानांची गरज असते, त्याचं एक उदाहरण देतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलला प्रिंगल्सच्या चकत्यांवर चित्रं छापायची होती. शोधता शोधता ते इटलीत बोलोन्याला पोचले. तिथे एका प्राध्यापकाची छोटी बेकरी होती आणि केकवर खाण्याच्या शाईने छापायचं तंत्र त्याच्याकडे तयार होतं. २००४ साली माल बाजारात आला. तेव्हा दार ठोठावायला संकोचू नका. पण पहिल्या भेटीत काय जमतं ते सांगा, कसं जमतं ते करारानंतर. तारीख घातलेली वही ठेवा. भेटीनंतर त्याच संध्याकाळी काय बोलणं झालं याची मेल पाठवा, चार ओळींची का होईना. तुमच्यापैकी कोणी उद्या मोठं झालात तर हीच मेल समोरच्या लहान माणसाला तुम्ही आपणहून पाठवा. कराराचा एक साधा मराठी मसुदा मी बरोबर आणला आहे. इथल्या वकिलाकडून तपासून घ्यावा लागेल, पण काय काय विचारायचं ते त्यातून कळेल. चहाच्या वेळी घेऊन जा.

(एक आजोबा : "त्या तासगावच्या माणसाचं पुढे काय झालं?")

निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे गेलो होतो, तो शिक्का मारल्याबद्दल माफी मागायला. त्यांनी चहा दिला, बाग दाखवली, बेदाण्याची पिशवी बांधून दिली. आमच्याविषयी एक वाकडा शब्द काढला नाही. तो वेल्डर आता स्वतःच ब्लोअर बनवतो. आसपासचे बागायतदार आपापल्या खटपटी त्याला जाऊन सांगतात, आणि पट्टी कुणाच्या डोक्यातून निघाली हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. शेडमध्ये उभं होतं ते यंत्र त्याचंच होतं. आमचं यंत्र मला त्या गल्लीतल्या एकाही बागेत दिसलं नाही.