कठाणीचं पाणी आणि समुद्रातलं गवत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला, "उद्योगधंदे आणि समुद्राचं रक्षण". पलीकडे दोन क्षण शांतता. मग माझा वर्गमित्र म्हणाला, "अगं, धानोऱ्यात समुद्राचं काय काम? मोहफुलावर बोल, बांबूवर बोल." मी म्हटलं, बांबूवरच बोलणार आहे. जरा धीर धर.

मी 1989 ची दहावी. जिल्हा होऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. भूगोलाच्या सरांनी एकदा विचारलं होतं, आपल्या कठाणीचं पाणी कुठे जातं? आम्ही सगळे ओरडलो, "मुंबईला!" समुद्र म्हणजे मुंबई, एवढंच आम्हाला ठाऊक. सरांनी फळ्यावर निळ्या खडूने रेघ ओढली. कठाणी वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. जिथे ती समुद्राला मिळते तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगाचं कांदळवन आहे. म्हणजे आपल्या जंगलातली माती वाहून गेली तर ती शेवटी तिथे जाते. हे मला पुढे फार उपयोगी पडलं, कारण लग्नानंतर मी रत्नागिरीला गेले आणि मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत हिशेबाला लागले. पुढे खरेदीचं काम आलं, त्यानंतर सीएसआरचं.

समुद्री गवत म्हणजे काय ते आधी सांगते. ते शेवाळ नाही. त्याला मुळं असतात, पानं असतात, फुलं येतात, बी धरतं. उथळ, स्वच्छ पाण्यात त्याची कुरणं होतात. माशांची, कोळंबीची पिल्लं त्यात वाढतात. डुगाँग नावाची समुद्री गाय तर त्यावरच जगते. कोकणच्या खाड्यांत ते थोडंफार आहे, पण मोठी कुरणं तमिळनाडूत, मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात. तमिळनाडू सरकारने 2022 मध्ये तिथला 448 चौरस किलोमीटर समुद्र डुगाँगसाठी राखीव केला. या गवताला ऊन लागतं. पाणी गढूळ झालं, ट्रॉलरची जाळी तळ खरवडत गेली, की ते मरतं. एकदा गेलं की आपोआप लवकर परत येत नाही.

परत आणता येतं का? येतं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचं गवत 1930 च्या दशकात रोगाने आणि वादळाने साफ गेलं होतं. सत्तर वर्षांनी तिथल्या शास्त्रज्ञांनी बी पेरायला सुरुवात केली. वीस वर्षांत 7 कोटींहून जास्त बिया टाकल्या, तेव्हा साडेतीन हजार हेक्टरांवर कुरण उभं राहिलं. वीस वर्षं, हा आकडा लक्षात ठेवा.

आता आपल्याकडचा कायदा. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे, ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. उलाढालीचे आणि मालमत्तेचेही निकष आहेत, ते सोडून देते. पर्यावरण त्या यादीत आहे. पण चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. गवताला लागतात वीस. या फटीत काय होतं ते मी स्वतः केलं आहे, म्हणून सांगते.

आमच्या कंपनीने एका खाडीत तिवरांची चार हजार रोपं लावायचं ठरवलं. जागा मी शोधली. ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा सपाट पट्टा, कुणाच्या मालकीचा वाद नाही, गाडी जवळ जाते. मार्च संपायच्या आत पैसे खर्च करायचे होते. साहेबांनी पांढरे बूट चिखलात घालून एक रोप लावलं, फोटो निघाले. तिथे एक म्हातारी कोळीण उभी होती. ती मला म्हणाली, "बाई, इथे तिवर कधी नव्हती हो. हितं आम्ही तिसऱ्या काढतो. आता कुठं जायचं?" मी हसून वेळ मारून नेली. अहवालात मी लिहिलं, 4,000 रोपांची यशस्वी लागवड.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी एकटीच गेले. दीडशेसुद्धा रोपं नव्हती. तो पट्टा भरतीला फार वेळ पाण्याखाली राहतो, तिवरांना तो मानवतच नाही. तिसऱ्यांची जागा मात्र आम्ही तुडवून ठेवली होती. ती म्हातारी भेटली नाही. भेटली असती तर काय बोलले असते, कुणास ठाऊक.

आपण धानोऱ्याच्या माणसांनी हे ओळखायला हवं होतं. मिश्र जंगल तोडून सागाच्या सरळ रांगा लावलेल्या आपण पाहिल्या आहेत. कागदावर झाडंच झाडं, आणि बाया मोह-चारोळीसाठी दोन कोस लांब. ते बघत मोठी झालेली मी, आणि समुद्रावर जाऊन तेच केलं.

इथून तीन किलोमीटरवर मेंढा (लेखा) आहे. त्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. तुमच्यातले कितीतरी जण त्या गर्दीत होते. तेव्हापासून व्यापाऱ्याला बांबू हवा तर तो ग्रामसभेकडे येतो, आणि किती तोडायचा हे गाव ठरवतं. समुद्रासाठी कंपनीने काय करावं असं मला कुणी विचारलं तर मी मेंढ्याकडे बोट दाखवते. पैसा तुमचा असेल, पण जागा, वेळ आणि काय लावायचं हे किनाऱ्यावरच्या माणसाला ठरवू द्या. रोपं किती लावली हे विचारू नका, पाच वर्षांनी किती जगली ते विचारा. आणि तीन वर्षांच्या नियमाची सबब सांगू नका. नफ्यातून दरवर्षी थोडं बाजूला काढायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

सीएसआरचे 2 टक्के हा तसा छोटा भाग. बाकीचे 98 टक्के कसे कमावता, समुद्राला त्याचाच जास्त फरक पडतो. 2018 पासून अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं, कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासव सुटून जाईल अशी खिडकी नव्हती. आमच्या ऑर्डरी गेल्या, माणसं कमी झाली. त्या खिडकीचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता. त्याच वर्षी महाराष्ट्राने एक चांगली योजना काढली. जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर 25 हजारांपर्यंत भरपाई. 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचा किमान आकारही ठरला. आता त्याहून लहान मासा माझ्या वजनकाट्यावर आला तर मी घेत नाही. भाव कितीही पाडून दिला तरी नाही. यावरून माझी मालकांशी दोनदा कडकडीत वाजली आहे. तिसऱ्यांदाही वाजेल.

आता बांबू. पाल्कच्या उपसागरात ओमकार फाउंडेशन नावाची संस्था गवत परत लावते. पूर्वी अशा कामात प्लास्टिकच्या नळ्यांच्या चौकटी वापरल्या जात, मग त्या तळाशी तशाच राहत. हे लोक बांबूच्या चौकटी करतात, त्यावर काथ्याची दोरी आडवी-उभी बांधतात, दोरीत गवताच्या काड्या अडकवतात आणि चौकट तळाशी ठेवतात. गवत मूळ धरेपर्यंत बांबू आणि काथ्या कुजून जातात. मागे काही उरत नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या बांबूला आजवर कागदाचा लगदा, टोपल्या, सुपं आणि तट्टे एवढेच रस्ते माहीत होते.

इथून तमिळनाडूला बांबू पाठवा असं मी म्हणत नाही, तिकडे बांबू आहे, भाडं फुकट जाईल. पण कोकणातल्या एखाद्या खाडीत मच्छीमार सोसायटीच्या संमतीने, जाणकारांना विचारून, पन्नास चौकटींनी सुरुवात करता येईल. पाच वर्षं पैसे मी आणि रत्नागिरीतले दोन व्यापारी देणार आहोत. चौकटी इथल्या बुरडांनी बनवाव्यात आणि त्यांना योग्य मजुरी मिळावी, एवढी माझी इच्छा आहे. तुमच्यापैकी ज्यांची दुकानं आहेत, ट्रक आहेत, त्यांनी वाहतुकीचं बघावं.

काल संध्याकाळी मागच्या बाकावरच्या आमच्या मित्राने आणि मी मिळून एक नमुना बांधला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. एक कोपरा तिरका झाला आहे, तो माझा. मंडपाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ ठेवला आहे. जेवणाला जाताना बघा, आणि कामट्या किती जाड हव्यात ते ज्यांना कळतं त्यांनी मला सांगा.